थडग्याला संगमरवरच टिकतो?

'थडग्यासाठी संगमरवरच घ्या, ताजमहाल बघा किती टिकलाय. ग्रॅनाइट हा ओट्याचा दगड.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटण्याजोगा वाटतो, कारण ताजमहाल खरंच उभा आहे. पण तिथली अक्षरं संगमरवरात नुसती कोरलेली नाहीत, तर काळा दगड जडवून केलेली आहेत. शिवाय त्याला मुलतानी मातीचे लेप लावून वेळोवेळी स्वच्छ करतात. आपल्या माणसाच्या थडग्याची इतकी निगा कोण राखणार?

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट हे खनिज. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असतं आणि कॅल्साइट हळूहळू विरघळवतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आधी चकाकी जाते, मग अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि शेवटी नाव वाचताच येत नाही. ग्रॅनाइटमधली क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं या आम्लाला फारशी दाद देत नाहीत. काठिण्याच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३, तर क्वार्ट्झ ७.

दगडवाल्याकडून दोन्हींचे तुकडे मागा आणि त्यांवर लिंबाचा रस टाका. संगमरवरावर बारीक बुडबुडे येतात, पुसल्यावर निस्तेज डाग राहतो. ग्रॅनाइट तसाच राहतो. (हा प्रयोग थडग्यावर मात्र करू नका.) किंवा जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन संगमरवरी थडग्यांवरच्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवा.

ग्रॅनाइटच्या अक्षरांतला रंग मात्र उडतो, तो पुन्हा भरावा लागतो. कोरीव नाव तसंच राहतं.