अमेरिकेत नसलेली अमेरिकन बोंडअळी

हरभऱ्याच्या घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत खुपसलेली आणि मागचं अर्धं अंग बाहेर ठेवून निवांत खात बसलेली हिरवट अळी पाहिली नाही, असा हरभरा पिकवणारा महाराष्ट्रात सापडायचा नाही. ही घाटेअळी. तुरीवर तीच शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोत फळ पोखरणारी आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. शास्त्रीय नाव एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. गंमत म्हणजे हे 'अमेरिकन' नाव रूढ झालं तेव्हा ती उत्तर काय नि दक्षिण काय, कुठल्याच अमेरिकेत नव्हती! तिकडे मक्याची कणसं खात होती ती तिची चुलत बहीण, हेलिकोव्हर्पा झिया.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या पुढाकाराने दोघींचा जीनोम, म्हणजे डीएनएमधला सगळा मजकूर, वाचून प्रसिद्ध झाला. घाटेअळीचा मजकूर सुमारे ३४ कोटी अक्षरांचा, माणसाच्या जेमतेम एक नवमांश. जनुकं मात्र १७ हजारांच्या वर. आपल्यापेक्षा फार कमी नाहीत.

त्यात चव ओळखण्याची जनुकं दोनशेहून जास्त. तुतीचा पालाच खाणाऱ्या रेशीमकिड्यात ती सत्तरच्या आसपास. पण जितकी जनुकं जास्त तितकी अळी खादाड, असं सरळ गणित नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी रेशीमकिड्याचं चवीचं एकच जनुक बंद पाडलं, तर त्याच्या अळ्या फळं आणि धान्याचे दाणेही खाऊ लागल्या. म्हणजे काही जनुकं 'खा' म्हणत नाहीत, 'याला तोंड लावू नकोस' म्हणून दटावतात.

खाल्लेलं पचवायचं तर झाडाचं विषही पचवावं लागतं. कपाशीत गॉसिपॉल असतं, दुसऱ्या झाडात आणखी काही. अशी विषं मोडणारी जनुकंही घाटेअळीकडे झियापेक्षा जास्त निघाली. आणि झाडाचं विष मोडणारी हत्यारं फवाऱ्याच्या विषावरही चालतात.

याचा सर्वांत नामी नमुना जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवला होता. ही अळी मोठी होऊन ज्याचा पतंग होतो, त्यात दोन जवळपास सारखी जनुकं शेजारी-शेजारी बसलेली असतात. प्रजननपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी आपापसांत तुकडे बदलते. कधीतरी ती जोडी सरकून बसली आणि एका जनुकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला चिकटलं. मूळच्या दोघांना फेनव्हलरेट हे कीटकनाशक मोडता येत नव्हतं. या जोड-जनुकाला येतं. हरभऱ्यावर ही भुकटी धुरळणाऱ्यांना तिचं नाव सांगायला नको.

२०१३ मध्ये घाटेअळी ब्राझीलमध्ये असल्याचं जाहीर झालं आणि तिचं नाव अखेर खरं ठरलं. दोघी बहिणी वेगळ्या होऊन सुमारे पंधरा लाख वर्षं झालीत, तरी तिथे त्यांचा संकर झाला. घाटेअळीचं ते जोड-जनुक आता ब्राझीलमधल्या झियातही सापडतं. ते तिने स्वतः घडवलं नाही हे कळलं ते दोन्ही जीनोम शेजारी ठेवल्यावर: अख्ख्या पतंगाचा मजकूर झियाचा, फक्त या जनुकापाशी आणि त्याच्या आजूबाजूला अक्षरं घाटेअळीची.