मुखपृष्ठ टांगलं कुठे होतं?

सिनेमासिकाच्या मुखपृष्ठाचं विश्लेषण करा म्हटलं, की मुलं थेट हिरॉइनच्या डोळ्यांपासून सुरुवात करतात. नजर वाचकाकडे आहे, लाल रंग म्हणजे प्रेम, काळा म्हणजे गूढ. लिहायला सोपं आणि बरंचसं पोकळ. अंक हातात घेतला, की मी आधी विचारतो, हा विकायला कुठे टांगला होता? आणि कुठल्या मशीनवर छापला? चेहरा त्यानंतर.

खानदेशात पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘स्टेशनवर’ असंच येतं. भुसावळ हे सिनेमाच्या धंद्याचं जुनं ठाणं. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, म्हणजे सी.पी.-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड), सी.आय. (मध्य भारत) आणि राजस्थान या पट्ट्यातल्या वितरकांची संघटना, तिचं मुख्य कार्यालय मुंबईत किंवा नागपुरात नाही, भुसावळात आहे. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. पण रिळांच्या पेट्या रेल्वेनेच फिरायच्या, आणि चारी दिशांच्या गाड्या जिथे थांबतात तिथे वितरकाने बसणं हा साधा हिशेब होता. मासिकांचे गठ्ठेही त्याच रुळांवरून यायचे. व्हीलर कंपनी 1877 पासून स्टेशनांवर पुस्तकं-मासिकं विकते आहे. फलाटावरच्या स्टॉलवर अंक एकावर एक, उतरंडीसारखे लावलेले असायचे. गाडी दहा मिनिटं थांबणार, तेवढ्यात खिडकीतल्या माणसाला अंकाचा वरचा चार बोटांचा पट्टा दिसणार. मासिकाचं नाव वर का, किंमत कोपऱ्यात का, चेहरा कपाळापासून कापून का लावतात, याची अर्धी उत्तरं त्या चार बोटांत आहेत.

इथे देवनागरीची एक अडचण येते, आणि इंग्रजी नमुन्यांवरून शिकवणाऱ्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. नटाचं डोकं नावाच्या अक्षरांवर चढवायचं ही युक्ती इंग्रजी मासिकांची. रोमन अक्षराचा वरचा भाग दिसला तरी शब्द ओळखता येतो. आपल्याकडे वर असते शिरोरेषा, आणि ती सगळ्यांना सारखीच. अक्षराची ओळख खालच्या अंगात. अक्षरांचा खालचा भाग केसांच्या फुग्याने झाकला, तर हाती राहते एक आडवी काठी आणि चुकलामाकला अनुस्वार. नाव वाचायचं कसं? म्हणून मराठी-हिंदी मासिकांची नावं बहुधा वेगळ्या पट्टीत, चेहऱ्यापासून अंतर राखून बसलेली दिसतात. हा मागासलेपणा नाही, लिपीची गरज आहे.

आता छपाई. बाबूराव पटेलांनी 1935 मध्ये मुंबईहून ‘फिल्मइंडिया’ सुरू केलं. भाषा इंग्रजी, संपादक मराठी. त्याच्या मुखपृष्ठांवर एस. एम. पंडितांची चित्रं येत. पंडित मूळचे गुलबर्ग्याचे. फोटो समोर ठेवून ते नटीचा चेहरा रंगात उभा करत, कातडीला असा उजाळा देत की कॅमेऱ्याने हात जोडावेत. चेहरा रंगवूनच का घ्यायचा? सिनेमा काळा-पांढरा होता, रंगीत फोटोग्राफी महाग आणि बेभरवशाची होती. रंग हवा तर चित्रकार हवा. शिवाय मराठी वाचकाच्या डोळ्यांना मासिकावरचं रंगीत चित्र परकं नव्हतंच. दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि पुढे चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या बायका (चित्रातल्या) घरोघरच्या भिंतींवर पोचल्या. सिनेमासिकाची नटी त्यांच्याच वळणाची दिसते. सिनेमाने चित्राची नक्कल केली की चित्राने सिनेमाची, हे ठरवणं अवघड आहे. मला वाटतं, दोघांनी एकमेकांकडून उसनं घेतलं आणि परत कोणीच केलं नाही.

चित्र छापायचं म्हणजे ब्लॉक करायचे. पिवळा, लाल, निळा, काळा, चार रंगांचे चार ठोकळे, कागद चारदा मशीनखालून. एक ठोकळा केसभर सरकला की ओठ एकीकडे आणि लाली दुसरीकडे. असं बारीक काम गुळगुळीत कागदावरच नीट उठतं, म्हणून कव्हर तेवढं आर्ट पेपरवर, आतला मजकूर खरबरीत कागदावर. हाताला जाणवणारा हा फरकही डिझाइनचा भागच आहे, पण विश्लेषणात तो कुणी लिहीत नाही.

1952 साली ‘फिल्मफेअर’ आलं, 1964 मध्ये त्याच प्रकाशनसंस्थेतून हिंदी ‘माधुरी’. हळूहळू कुंचला मागे पडला, फोटो पुढे आला. नाशिकच्या ‘गावकरी’चं ‘रसरंग’ हे साप्ताहिक आमच्या भागाला जवळचं. इंग्रजी अंक साहेबाच्या घरी, ‘रसरंग’ सलूनमध्ये. खुर्ची रिकामी होईपर्यंत चाळायचा, म्हणून कव्हरवरचा चेहरा आरशातूनही ओळखू यायला हवा. “हाऊ कोना फोटू शे?” असं कुणी विचारलं, की ते कव्हर फसलं म्हणायचं.

1971 च्या ऑक्टोबरात ‘स्टारडस्ट’ निघालं आणि मामला बदलला. मालक नारी हिरा जाहिरातीच्या धंद्यातले, संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे. पहिल्याच कव्हरवर राजेश खन्ना, आणि त्याने गुपचूप लग्न केलंय का असा सवाल. तोवर मुखपृष्ठ बघायचं असे, आता ते वाचायचं झालं. चेहरा त्या सवालाचा साक्षीदार. आजच्या कव्हरवर चार बाजूंनी जे मथळे लोंबतात, त्यांची नाळ इथे आहे.

स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं, त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्ही थोडे पक्षपाती आहोत, हे आधीच कबूल. पण छपाईच्या अंगानेही तो चेहरा अभ्यासण्यासारखा आहे. फोटो छापला जातो तो बारीक ठिपक्यांनी. आतल्या, शोषून घेणाऱ्या कागदावर शाईचा ठिपका पसरतो, सावळ्या रंगातल्या बारीक छटा एकमेकींत मिसळतात आणि चेहरा चिखलासारखा होतो. मग ब्लॉकवाला, रिटच करणारा, सगळे मिळून कातडी उजळ करून टाकत. गोऱ्या नट्यांच्या सोयीने बसवलेल्या या यंत्रणेत सावळेपणा ‘चूक’ ठरत होता. स्मिताचे चांगले फोटो मला काळ्या-पांढऱ्यातच जास्त खरे वाटतात.

प्रकाशाचा विषय निघालाच आहे, तर चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. स्टेशनजवळच्या घरात त्यांनी आयुष्याचा बहुतेक काळ स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर चिमुकल्या वस्तू मांडून खऱ्या वाटतील अशी दृश्यं टिपली. त्यांचा सिनेमासिकांशी संबंध नव्हता. पण चौकटीत काय ठेवायचं, उजेड कुठून सोडायचा, हे त्यांच्या टेबलटॉप फोटोंसमोर उभं राहिल्यावर जेवढं कळतं, तेवढं शंभर कव्हरं पाहून कळत नाही. पुढे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी ‘चंदेरी’चं संपादन केलं, तेव्हा मराठी सिनेमासिकाला उजेड कळणारा संपादक मिळाला. तोवर ठोकळ्यांऐवजी ऑफसेट छपाईही रुळली होती. ठिपके बारीक झाले, गाल गुळगुळीत झाले.

माझ्याकडे रद्दीतून आलेला एक जुना अंक आहे. वरचा चार बोटांचा पट्टा निळसर पडलाय, त्याखाली चेहरा अजून गुलाबी आहे. उन्हात लाल-पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी टिकते. वरचा भाग भुसावळच्या उन्हाने खाल्ला, खालचा पुढच्या अंकाने झाकून वाचवला. दोन्हींमधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे, नटीच्या भुवयांच्या बरोबर वरून गेलेली.