दुरुस्ती आणि बंदोबस्त: कर्नलमधलं भोक बुजतं कधी आणि नुसतं अडवलं जातं कधी

लिनक्सच्या यंत्रावर (कर्नल म्हणजे त्याच लिनक्सचा गाभा) 'सिस' डिरेक्टरीत आत आत गेलं की सीपीयूच्या माहितीखाली 'व्हल्नरेबिलिटीज' नावाचा एक फोल्डर लागतो. त्यात मेल्टडाउन, स्पेक्टर व्ही-१, स्पेक्टर व्ही-२ अशा, प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटींच्या नावांच्या फाइली असतात. एकेक 'कॅट' करून, म्हणजे उघडून, बघा. बहुतेक फाइलींत एकच ओळ निघते आणि ती सुरू होण्याच्या तऱ्हा जवळपास तीनच: 'नॉट अफेक्टेड', 'व्हल्नरेबल' किंवा 'मिटिगेशन' आणि पुढे उपायाचं नाव. 'फिक्स्ड' हा शब्द तिथे नाही. तो कुणाच्या नजरचुकीनं राहिलेला नाही.

आपण मात्र बोलताना सगळ्याला सरसकट 'पॅच मारला' म्हणून मोकळे होतो. त्यात आपली चूक तशी कमीच, कारण पॅच म्हणजे कोडमधला बदल आणि बदल दोन्हीकडे होतोच. फरक आहे तो बदल कशासाठी केला यात. कोडमध्ये चूक होती, ती काढली, ही दुरुस्ती. चूक आहे तिथेच आहे (किंवा ती कुठे आहे हेच अजून कुणाला माहीत नाही), पण तिचा फायदा घेणाऱ्याची वाट अडवली, हा बंदोबस्त. मिटिगेशनला मी इथे बंदोबस्त म्हणतोय. बंदोबस्त लागला म्हणून कुणी गुन्हा झालाच नाही असं म्हणत नाही, एवढा अर्थ त्या शब्दात आपसूक येतो.

एकाच भोकावर दोन्ही उपाय लागू झालेले दिसले की फरक पटकन कळतो. जानेवारी २०२२ मधलं सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षात्रुटीचा क्रमांक) हे त्यासाठी नमुनेदार उदाहरण आहे. फाइलसिस्टिम माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, दिलेले पर्याय कर्नल एका पानाएवढ्या, म्हणजे सहसा ४०९६ बाइटच्या, जागेत एकापुढे एक साठवत जातो. नवा पर्याय मावेल का, हे तपासताना हिशोब असा मांडला होता: नव्या मजकुराची लांबी ही '४०९६ वजा २ वजा आतापर्यंत भरलेली जागा' यापेक्षा जास्त असेल तर नकार द्या. ते २ म्हणजे एक स्वल्पविराम आणि शेवटचा शून्य बाइट. वाचायला हिशोब अगदी सरळ आहे. पण भरलेली जागा ४०९५ झाली की वजाबाकीचं उत्तर उणे एक येतं, आणि हा आकडा ज्या प्रकारात ठेवलाय त्याला उणे चिन्हच ठाऊक नाही. त्यामुळे ६४ बिटी यंत्रावर उणे एकचे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात. एवढी जागा शिल्लक आहे म्हटल्यावर कुठलाही मजकूर 'मावतो', आणि पानाची हद्द ओलांडून शेजारच्या मेमरीत लिहिला जातो.

दुरुस्ती काय केली? वजाबाकीची बेरीज केली. 'भरलेली जागा अधिक नवी लांबी अधिक २' हे ४०९६ पेक्षा जास्त असेल तर नकार. शाळेत समीकरणाची बाजू बदलतात तसं. गणिताच्या वहीत दोन्ही ओळींचा अर्थ एकच, संगणकाच्या आकड्यांत नाही. ही ओळ बदलली आणि ते भोक संपलं.

आता त्याच भोकाचा बंदोबस्त बघू. हा कोड गाठायला प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे साध्या वापरकर्त्याच्या हाती तो लागायलाच नको. पण यूझर नेमस्पेस नावाची एक सोय आहे. त्यात साधा वापरकर्ता स्वतःपुरतं एक छोटं जग तयार करतो आणि त्या जगापुरता रूट, म्हणजे प्रशासक, होतो. कंटेनरांना, म्हणजे प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवणाऱ्या डब्यांना, हे फार उपयोगी पडतं. मात्र त्या खोट्या रूटला आतल्या जगात माउंटचे पर्याय देता येतात, आणि ते पर्याय तपासणारा कोड खऱ्या कर्नलमधला असतो. म्हणून नवं कर्नल बसवेपर्यंत काय करा, तर साध्या वापरकर्त्यांसाठी यूझर नेमस्पेस बंद करा, असा सल्ला त्या वेळी दिला गेला. सिसकंट्रोलची, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंगची, एक ओळ टाकली की झालं, रीबूटही नको. चुकीची वजाबाकी जागच्या जागी आहे, फक्त तिथवर जाणारा जिना काढून घेतलाय. ज्याच्याकडे आधीच तो अधिकार आहे, त्याला, म्हणजे हात सैल सोडून अधिकार वाटलेल्या एखाद्या कंटेनरला, जिना लागतच नाही.

हा झाला हातानं लावलेला, तात्पुरता बंदोबस्त. पण बंदोबस्ताची दुसरी, मोठी जात कर्नलच्या आतच बांधलेली असते आणि गोंधळ खरा तिथे होतो. ती एखाद्या चुकीविरुद्ध नसते, चुकांच्या अख्ख्या कुळाविरुद्ध असते.

२०१६ च्या जानेवारीत की-रिंगमधली (कर्नल गुप्त किल्ल्या ठेवतो तो जुडगा) एक चूक बाहेर आली, सीव्हीई-२०१६-०७२८. कर्नल प्रत्येक वस्तूसाठी एक गणक ठेवतो: ही वस्तू किती जण वापरताहेत? घेतली की एक वाढवायचा, सोडली की एक कमी करायचा, शून्य झाला की मेमरी मोकळी. इथे प्रोसेसनं आपलीच चालू की-रिंग पुन्हा मागितली तर गणक वाढायचा, पण कमी करायचं राहून जायचं. एका वेळी एकच. पण तीच विनंती सव्वाचार अब्जांहून जास्त वेळा केली की ३२ बिटांचा गणक फिरून शून्यावर येतो. कर्नलला वाटतं कुणीच वापरत नाही, तो मेमरी मोकळी करतो, आणि वापरणारा तर अजून हातात धरून बसलेला असतो. दुरुस्ती एका ओळीची: त्या वाटेवर 'की-पुट'ची हाक घातली, म्हणजे राहून गेलेलं कमी करणं पुरं केलं. चूक मात्र ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, तिथे पडून होती.

असे गणक कर्नलमध्ये सगळीकडे पसरलेले आहेत. यातल्या आणखी कितींच्या वाटेवर सोडायचं राहून गेलंय, हे कोण शोधत बसणार? म्हणून २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत 'रेफकाउंट-टी' नावाचा वेगळा प्रकार आला आणि जुने गणक हळूहळू त्यावर नेले जाऊ लागले. हा गणक उलटत नाही. भलत्या आकड्यावर गेला की तिथेच थिजतो, आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'सॅच्युरेटेड, लीकिंग मेमरी' अशी तक्रार उमटते. वस्तू मग कधीच मोकळी होत नाही, थोडी मेमरी कायमची वाया जाते. हल्लेखोराला पाहिजे होती मोकळी झालेली मेमरी. ती त्याला मिळत नाही. चूक जशीच्या तशी आहे, फक्त तिचं फळ विषारी होतं ते कडू झालंय. माझ्या मते कर्नलच्या सुरक्षेत एका फटक्यात सर्वाधिक पदरात पाडणाऱ्या कामांपैकी हे एक, आणि बातमीत याचं नाव कधीच येत नाही, कारण न घडलेल्या हल्ल्याला नाव कोण देणार.

दोघांना ओळखायची एक साधी खूण सांगतो. कर्नलमधल्या बदलाबरोबर जी टिपणी लिहितात, त्यात दुरुस्तीच्या खाली बहुधा 'फिक्सेस' अशी ओळ असते. पुढे ज्या बदलानं चूक आत आली त्याच्या हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक. म्हणजे दुरुस्तीला बोट दाखवता येतं: चूक अमुक दिवशी, अमुक ओळीत झाली. जुन्या स्थिर आवृत्त्यांपैकी कुणाकुणाला हा बदल लागेल, तेही त्यावरूनच ठरतं. बंदोबस्ताला सहसा असं बोट दाखवता येत नाही. रेफकाउंट-टी कुठल्या बदलाची चूक सुधारतो? कुठल्याच नाही. तो पुढे सापडणाऱ्या चुकांसाठी आधीच बसवून ठेवलाय.

मग मेल्टडाउनचं काय? ३ जानेवारी २०१८ ला ते जाहीर झालं आणि सगळीकडे 'पॅच आला' म्हणून गाजलं. आला तो केपीटीआय, कर्नलची मेमरी वेगळी ठेवणारा बंदोबस्त. चूक मुळात कर्नलमध्ये नव्हतीच, सिलिकॉनमध्ये होती: प्रोसेसर पुढचं काम अंदाजानं करून ठेवताना, वाचायचा अधिकार नसलेली मेमरीही क्षणभर वाचायचा आणि तिची पुसट खूण प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या झटपट मेमरीत, राहायची. सॉफ्टवेअर लिहिणारा सिलिकॉन बदलू शकत नाही. मग त्यांनी काय केलं, तर साधा प्रोग्रॅम चालू असताना कर्नलची मेमरी त्याच्या नकाशातूनच जवळजवळ सगळी उतरवून ठेवली. नकाशात नाही तर अंदाजानंही वाचता येत नाही. पण प्रत्येक सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडे केलेल्या विनंतीला, नकाशा बदला, परतताना पुन्हा बदला, ही किंमत आली, आणि सिस्टिम कॉलचा रतीब घालणाऱ्या डेटाबेससारख्या कामांना ती जाणवली. खरी दुरुस्ती इंटेलच्या पुढच्या प्रोसेसरांत झाली. एएमडीला हा प्रश्न नव्हताच. अशा यंत्रांवर ती फाइल 'नॉट अफेक्टेड' सांगते. जुन्यांवर ती 'मिटिगेशन: पीटीआय' म्हणते, आणि ते यंत्र भंगारात जाईपर्यंत तसंच म्हणत राहणार.

इथे आणखी एक फरक आपोआप दिसतो. बंदोबस्ताला बंद करायचं बटण असतं. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून बूट करताना 'मिटिगेशन्स बरोबर ऑफ' असा एक पर्याय देता येतो आणि प्रोसेसरविषयीचे असे बहुतेक उपाय एकदम उतरतात. वेगासाठी काही जण ते करतातही. दुरुस्तीला असं बटण नसतं. चुकीची वजाबाकी परत हवी, असं कोण म्हणेल?

एवढं वाचून दुरुस्ती वरचढ आणि बंदोबस्त म्हणजे मलमपट्टी असं वाटत असेल, तर थोडं थांबा. दुरुस्तीही अर्धवट राहू शकते. उदाहरण डर्टी काऊ नावाच्या भोकाचं, सीव्हीई-२०१६-५१९५. फाइलचं फक्त वाचायला दिलेलं पान लिहायच्या वेळी वेगळी प्रत काढून द्यायचं असतं. पण दोन थ्रेडांची (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांची) शर्यत लावली तर प्रत बाजूला राहून लिखाण थेट मूळ पानावर व्हायचं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये ते दुरुस्त केलं, आणि टिपणीत कबूलही केलं की ही चूक जुनी आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच एकदा ती सुधारायचा प्रयत्न केला होता. तो बदल तेव्हा दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रांवर अडचण आली म्हणून मागे घेतला गेला. एवढं होऊनही २०१६ ची दुरुस्ती मोठ्या आकाराच्या पानांबाबत तोकडी पडली आणि २०१७ च्या शेवटी त्याचा वेगळा सीव्हीई निघाला. 'फिक्सेस' ओळीचं बोट कधी कधी आधीच्या दुरुस्तीकडेच वळतं ते असं.

आणि उलट बाजूनं, बंदोबस्त कितीही भक्कम असला तरी तो ठराविक वाटांवरच उभा असतो. कर्नलचे पत्ते दर बूटला बदलणारा केएएसएलआर, वापरकर्त्याच्या पानांतला कोड कर्नलला चालवू न देणारा एसएमईपी, हे सगळे मेमरी बिघडवून नियंत्रण हातात घेणाऱ्याविरुद्ध. २०२२ च्या मार्चमध्ये मॅक्स केलरमन यांनी डर्टी पाइप हे भोक जाहीर केलं तेव्हा यातलं काहीच आडवं आलं नाही. पाइपच्या, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या वाटेच्या, बफरमधला 'फ्लॅग्ज' हा रकाना नवीन पान लावताना शून्य करायचं राहिलं होतं. त्यामुळे आधीच्या वापरातली 'यात पुढे लिहिलं तरी चालेल' ही खूण तशीच उरायची, आणि नुसत्या वाचायच्या फाइलच्या कॅशमधल्या, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या प्रतीमधल्या, पानावर साधा वापरकर्ता लिहू शकायचा. ना पत्ता शोधायचा, ना कोड घुसवायचा, ना शर्यत जिंकायची. कर्नल आपल्याच नियमांनी, शांतपणे चुकीचं काम करत होता. केलरमन यांना ते सापडलं तेही हल्ल्याच्या शोधात नव्हे, तर बिघडलेल्या लॉग फाइलींचा माग काढताना. दोन ठिकाणी तो रकाना शून्य करणं, एवढीच दुरुस्ती. आणि दुसरा उपायच नव्हता.

जाता जाता, लाइव्ह पॅच कुठल्या खान्यात जातो? दुरुस्तीच्या. लिनक्स ४.० पासून, २०१५ पासून, चालू कर्नलमधलं एखादं फंक्शन मेमरीतच बदलून त्याच्या जागी सुधारलेलं लावायची सोय आहे. रीबूट टळतो म्हणून लोक त्याला तात्पुरता उपाय समजतात, पण त्यात चुकीची ओळ खरोखर वगळली जाते. पुढच्या बूटला जुनंच कर्नल उचललं तर ती परत येते, हे खरं. पण तो बूट लोडरचा हलगर्जीपणा.

रोजच्या कामात हा फरक सर्वात जास्त नडतो तो तिकीट बंद करताना. तात्पुरता बंदोबस्त लावला, स्कॅनरची लाल रेघ गेली, तिकीट 'रिझॉल्व्ह्ड'. मग रीबूटची घाई कुणालाच राहत नाही. मी अशा तिकिटांना 'रिझॉल्व्ह्ड' लावूच देत नाही. 'अडवलंय, दुरुस्ती बाकी' असा शेरा मारून उघडंच ठेवायला लावतो. यावरून माझी चेष्टाही होते. पण एकदा माझ्याच हाताखालच्या सर्व्हरवर एका सहकाऱ्याचा नवा यूझर नेमस्पेस काही केल्या बनेना. कर्नल म्हणे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. त्यानं डिस्क तपासली, आयनोड तपासले, टेम्प साफ केलं, निम्मी डिस्क रिकामीच होती. शेवटी सिसकंट्रोलच्या फोल्डरमध्ये यूझर नेमस्पेसची कमाल संख्या शून्य करणारी ओळ सापडली. ती शून्य असली की कर्नल हाच निरोप देतो. कर्नल त्यानंतर कितीदा बदललं होतं, त्या भोकाची दुरुस्ती केव्हाच बसली होती. ओळ मी टाकली होती, आणि तिकीटही मीच बंद केलं होतं.