ल्युपसवरील जैविक उपचार

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींतील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या यंत्रणेतील एखादा नेमका रेणू किंवा पेशीसमूह रोखणारी, सजीव पेशींमध्ये निर्माण केलेली प्रथिनरूप औषधे म्हणजे जैविक औषधे होत. ती सामान्यतः हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन व स्टेरॉइडे यांच्या जोडीने देतात.

या उपचारांचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या बी-पेशींना जगवणाऱ्या ‘ब्लिस’ या प्रथिनाला बांधून ठेवणाऱ्या बेलिमुमॅबला मार्च २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सुमारे अर्धशतकात खास ल्युपससाठी मंजूर झालेले ते पहिलेच औषध असल्याने पुष्कळ लेखक तेथून गणना करतात. तथापि बी-पेशींवरील सीडी-२० रेणूला चिकटणारे रिटक्सिमॅब, हे मूळचे लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगावरील औषध, त्यापूर्वी सुमारे दशकभर लंडनमध्ये ल्युपसच्या निवडक रुग्णांना दिले जात होते. कल्पनेचा इतिहास पाहता हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. अडचण अशी की, २०१० व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सप्लोरर’ आणि ‘ल्युनार’ या दोन्ही मोठ्या चाचण्यांत रिटक्सिमॅबची अपेक्षित सरशी दिसली नाही. सोबत चालू असलेल्या स्टेरॉइडांमुळे फरक झाकला गेला, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ऊतकांतील बी-पेशींचा नाश अपुरा राहतो आणि प्रतिपिंडे स्रवणाऱ्या दीर्घजीवी प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसल्याने त्या निसटतात. पुढील घडामोडी दुसऱ्या मताकडे झुकतात : २०२२ मध्ये जर्मनीतील एर्लांगन येथे बी-पेशींवरील सीडी-१९ हा दुसरा रेणू लक्ष्य करणाऱ्या कार-टी पेशींनी (रुग्णाच्याच, जनुकीय बदल केलेल्या टी-पेशींनी) पाच दुर्धर रुग्णांचा रोग शमल्याचे प्रसिद्ध झाले, आणि सीडी-२० विरोधीच पण अधिक प्रभावी ओबिन्युटुझुमॅबला २०२५ मध्ये अमेरिकेत ल्युपसजन्य वृक्कशोथासाठी (मूत्रपिंडांच्या दाहासाठी) मान्यता मिळाली.

टाइप-१ इंटरफेरॉन या प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचा पेशींवरील ग्राही (रिसेप्टर) अडवणारे अनिफ्रोलुमॅब २०२१ पासून उपलब्ध आहे. ते दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम शिरेवाटे देतात. त्याने नागिणीचा धोका वाढतो.

भारतात २००७ पासून रिटक्सिमॅबची देशी जैवसदृश (मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती मिळत असल्याने मुंबईतील संधिवाततज्ज्ञांच्या व्यवहारातही औपचारिक मान्यतेपेक्षा अनुभवावर टिकलेले हे औषध परिचित आहे. ते देण्यापूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी अनिवार्य मानली जाते आणि येथील क्षयाचे प्रमाण पाहता छातीची क्ष-किरण तपासणीही केली जाते. मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून विकसित झालेल्या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळालेली मान्यता मात्र बी-पेशींच्या कर्करोगांपुरती आहे.