हंगामाच्या मध्यात आलेला परदेशी खेळाडू कोणाचा? फँटसी बेसबॉलमधल्या एका कलमाची पार्श्वभूमी

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचे. त्याच्या कुठल्याही जुन्या लीगची नियमावली उघडा, एक कलम मागाहून घुसवलेलं दिसेल. हंगाम सुरू झाल्यावर परदेशातून करारबद्ध झालेल्या खेळाडूवर पहिला हक्क कोणाचा, हे ते कलम सांगतं. वाक्यं लांबलचक, अटींना पोटअटी, आणि शेवटी ‘कमिशनरचा (लीग चालवणाऱ्याचा) निर्णय अंतिम’. एखाद्या वर्षी भांडण झालं आणि त्या हिवाळ्यात हे लिहिलं गेलं, एवढं वाचताक्षणीच कळतं. रोजच्या रोज नवा संघ लावायच्या खेळात हा प्रश्न येतच नाही, त्यामुळे फँटसी क्रिकेटवरून इकडे वळलेल्या मंडळींना या कलमाचं एवढं काय, असं वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये लिलाव, सप्टेंबरअखेर हिशेब आणि वर आवडते खेळाडू पुढच्या वर्षीही राखायची मुभा, अशा ‘कीपर’ लीगमध्येच खरी मारामारी होते.

1980 साली न्यूयॉर्कमध्ये रोटिसरी पद्धत, म्हणजे ठराविक डॉलरमध्ये लिलावातून संघ बांधून हंगामभराचे आकडे मोजायची पद्धत, सुरू झाली तेव्हा खेळाडू फक्त नॅशनल लीगचे होते; मेजर लीगच्या दोन भागांपैकी हा एक, दुसरा अमेरिकन लीग. त्यामुळे पहिली डोकेदुखी परदेशाची नव्हतीच. जुलैमध्ये अमेरिकन लीगमधून अदलाबदलीत इकडे आलेला फलंदाज कोणी घ्यायचा, हा तेव्हाचा प्रश्न होता. 1981 मध्ये लॉस एंजेलिसला वेड लावणारा मेक्सिकन डावखुरा पिचर 1979 मध्येच विकत घेतलेला होता आणि मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या पातळीवरून) वर आला होता, म्हणजे तो यादीत होताच. परदेशी खेळाडू रीतसर दारातून येत होते तोवर कोणाची तक्रार नव्हती.

1997 मध्ये ती आली. एका जपानी पिचरचे हक्क जानेवारीत नॅशनल लीगमधल्या सॅन दिएगोने मिळवले, पण तो तिकडे जायला तयारच झाला नाही. एप्रिलमध्ये, म्हणजे बहुतेक लिलाव उरकल्यावर, त्याचे हक्क न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाकडे गेले, मेअखेर करार झाला आणि 10 जुलैला तो पहिल्यांदा मैदानात उतरला. फक्त नॅशनल लीगवर चालणाऱ्या गटात ज्याने त्याला राखीव जागेत घेतलं असेल, त्याच्या हाती काहीच उरलं नाही. फक्त अमेरिकन लीगवर चालणाऱ्या गटांत मात्र आकाशातून एक बहुचर्चित पिचर पडला. त्या हंगामात त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तेवढी चांगली) 7.09 राहिला ती गोष्ट वेगळी. प्रकरणाचा खरा परिणाम असा की 1998 च्या अखेरीस अमेरिका आणि जपान यांच्यात पोस्टिंगची (जपानी क्लबने आपला खेळाडू ठराविक काळात बोलीसाठी खुला करायची) पद्धत ठरली आणि जपानी खेळाडूंचे सौदे हिवाळ्यात होऊ लागले. फँटसीवाल्यांच्या दृष्टीने जपान तिथेच मिटला. उरला क्यूबा.

क्यूबाच्या खेळाडूला वेळापत्रक नव्हतं. देश सोडायचा, तिसऱ्या देशात रहिवासाची कागदपत्रं करायची, अमेरिकी परवानगी मिळवायची, मग करार. हे सगळं कधी पूर्ण होईल ते कोणाच्या हातात नाही. त्यात 2 जुलै 2012 पासून तरुण परदेशी खेळाडूंवर संघांनी किती खर्च करायचा याला मर्यादा आल्या. त्या तारखेला जेमतेम काही दिवस उरले असताना 21 वर्षांच्या एका क्यूबन आउटफिल्डरने लॉस एंजेलिसशी सात वर्षांचा 4 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. वर्षभर तो मायनर लीगमध्ये होता. 3 जून 2013 रोजी त्याला वर बोलावलं आणि त्या एका महिन्यात त्याने 44 हिट मारल्या.

माझ्या मते आजच्या नियमांचा पाया या खेळाडूने घातला. कराराच्या दिवशी दार उघडणाऱ्या लीगमध्ये तो जून 2012 मध्येच किरकोळ बोलीत गेला असणार, आणि तोही तळाच्या, पुढच्या वर्षाकडे डोळे लावून बसलेल्या मालकाकडे. वर बोलावल्यावरच दार उघडणाऱ्या लीगमध्ये 3 जून 2013 नंतरच्या पहिल्या रविवारी बंद बोलीत लोकांनी अख्खं बजेट ओतलं असणार. खेळाडू तोच, पण एकीकडे दूरदृष्टीला बक्षीस आणि दुसरीकडे पैसे न उधळल्याचं.

पण सगळ्यांत किचकट प्रकरण 2016 चं, आणि त्यावर थोडं थांबायलाच हवं. क्यूबाच्या राष्ट्रीय संघाचा 31 वर्षांचा इनफिल्डर फेब्रुवारीत सांतो दोमिंगोमधली कॅरिबियन मालिका संपल्यावर धाकट्या भावासह संघ सोडून गेला. जूनमध्ये तो करार करायला मोकळा झाला. जुलैच्या मध्यावर ह्यूस्टनने त्याला पाच वर्षांसाठी 4 कोटी 75 लाख डॉलर दिले, आणि 21 ऑगस्टला, वयाच्या 32 व्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये खेळला. आता 12 जणांची कीपर लीग डोळ्यांसमोर आणा. लिलावात कोणाचंही नाव घेता येतं असा नियम असेल, तर मार्चमध्ये कोणीतरी एक डॉलरला त्याला राखीव जागेत टाकून मोकळा. कराराची तारीख धरली, तर जुलैत ज्याच्याकडे हंगामातल्या बोलींसाठीच्या 100 पैकी 60-70 डॉलर शिल्लक आहेत तो जिंकतो. संकेतस्थळाच्या यादीत नाव दिसल्यावरच घेता येईल असं असेल, तर त्या रात्री जो जागा असेल त्याचा. आणि मैदानात उतरल्यावरच असं असेल, तर ऑगस्टचे शेवटचे दिवस, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपलेली, आणि वरच्या तीन-चार संघांशिवाय कोणाला रस उरलेला नाही. चार तारखा, चार मालक.

यात संकेतस्थळाच्या यादीवर विसंबणं ही सगळ्यांत वाईट पद्धत. ती निवडणारे ‘आपल्याला डोकं चालवावं लागत नाही’ एवढंच कारण देतात. नियम आपला आणि तारीख ठरवणार कुठल्या तरी कंपनीचा डेटा भरणारा माणूस, याला काय अर्थ आहे? करार जाहीर झाल्यानंतरचा पहिला रविवार आणि बंद बोली, हा तोडगा बऱ्याच लीगने स्वीकारला तो उगाच नाही.

याच खेळाडूने दुसरा घोळही घातला. राखीव फार्मच्या (भविष्यासाठीच्या) जागेत फक्त रूकी, म्हणजे मेजर लीगमधले नवखे, ठेवायचे, आणि रूकी कोण ते मेजर लीगच्या व्याख्येवरून ठरवायचं, असं पुष्कळ लीगमध्ये असतं. फलंदाजासाठी ती मर्यादा 130 ॲट-बॅटची (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांची), पिचरसाठी 50 इनिंगची, शिवाय संघात काढलेल्या दिवसांचीही. त्याच्या 2016 च्या खात्यावर ॲट-बॅट किती? बरोबर 130. नियमात मात्र ‘130 पेक्षा जास्त’ असं आहे. म्हणजे पुढच्या वर्षीही तो रूकीच, आणि 17-18 वर्षांच्या पोरांसाठी ठेवलेल्या जागेत हा बत्तिशीतला गडी. काही लीगने त्यानंतर वयाची अट घातली, बहुधा 25 ची. काहींनी परदेशातल्या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलेल्यांना फार्ममधून वगळलं. दुसरा उपाय कागदावर नेटका वाटतो, पण कोणती लीग वरच्या दर्जाची यावर पुन्हा वाद आलाच. याच माणसाने 2021 मध्ये अमेरिकन लीगचं बॅटिंग विजेतेपद मिळवलं, त्यामुळे ज्याने त्याला एवढी वर्षं टिकवलं त्याची हौस फिटली.

त्याच्या भावाने तर 23 वा वाढदिवस होऊन जाईपर्यंत करारच केला नाही. वय वाढलं की खर्चाची मर्यादा लागू होत नव्हती. तोवर नोव्हेंबर उजाडला आणि फँटसीवाल्यांचा एक वाद वाचला.

पुढे प्रवाहच आटला. 2016 च्या अखेरीस झालेल्या सामूहिक कराराने ती वयाची रेषा 23 वरून 25 वर नेली आणि मर्यादा कडक केल्या. क्यूबाच्या खेळाडूंना देश न सोडता करार करता यावा अशी व्यवस्था डिसेंबर 2018 मध्ये जाहीर झाली, पण एप्रिल 2019 मध्ये अमेरिकी सरकारने ती रद्द केली. कोरोनाच्या वर्षी 2 जुलैची परदेशी नवोदितांची तारीख पुढे ढकलली गेली आणि 2021 पासून ती 15 जानेवारीवर स्थिरावली. 16 वर्षांच्या डॉमिनिकन पोरांवर जुलैत ज्या बोली लागायच्या त्या डायनेस्टी लीगमध्ये (जिथे खेळाडू वर्षानुवर्षे राखतात) आता हिवाळी ड्राफ्टमध्ये लागतात. जानेवारी 2025 मध्ये 23 वर्षांचा एक जपानी पिचर अवघ्या 65 लाख डॉलर बोनसवर लॉस एंजेलिसला आला, तेव्हा लिलावाला पुरेसा वेळ होता आणि फार कुठे आरडाओरड झाली नाही.

सध्या जे वाद होतात ते बहुतेक घरी परतणाऱ्यांचे. कोरिया किंवा जपानमध्ये दोन-तीन हंगाम काढलेला अमेरिकन पिचर जूनमध्ये सुटतो आणि मायनर लीगचा करार करून परत येतो. तो परदेशातून आला म्हणून नव्या बोलीत जायचा, की पूर्वी यादीत होता म्हणून थेट वेव्हरवर (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीत)? ज्याने त्याला तीन वर्षांपूर्वी सोडलं तो मालक ‘माझा जुना हक्क’ म्हणून उभा राहतोच. 2016 नंतर लिहिलेल्या कलमांत बहुधा ‘प्रथमच करारबद्ध’ हे दोन शब्द राहून गेले आहेत, आणि ते घालायचे की नाही यावर मतदान घ्यायला हंगाम संपेपर्यंत कोणी तयार होत नाही.