टेबलावरचे डोंगर आणि थर्माकोल नावाचा घोळ

छोट्या सैनिकांचे युद्धखेळ खेळणारे आपल्याकडे तसे मोजकेच. पण ज्यांना हा नाद आहे ते चार जण जमले की एक वाद ठरलेला : टेरेनसाठी, म्हणजे टेबलावरच्या डोंगर-झाडी-घरांसाठी, फोम घ्यायचा की थर्माकोल, आणि थर्माकोल आता मिळतो तरी का? एक म्हणतो, त्यावर बंदी आहे. दुसरा म्हणतो, बंदी मखरावर आहे, टेकडीवर नाही. तिसरा छातीठोकपणे सांगतो की निळा चालतो, पांढरा चालत नाही. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. घोळ कुठे झाला ते पाहायला मागे जावं लागतं, पण फार मागे नाही.

फार मागचं थोडक्यात. १८१२ साली प्रशियाच्या राजापुढे एका मुलकी अधिकाऱ्याने युद्धखेळाचं एक टेबल मांडलं. आधी त्याने ओल्या वाळूत डोंगर-दऱ्या केल्या होत्या, पण राजासमोर वाळू कशी न्यायची, म्हणून प्लास्टरच्या रंगवलेल्या चौकोनी फरशा बनवल्या. त्या हव्या तशा जुळवायच्या, की नदी, रस्ता, गाव, चढ तयार. प्रमाण होतं १:२३७३. बारा वर्षांनी, १८२४ मध्ये, त्याच्या मुलाने फरशा बाजूला ठेवल्या आणि तोच खेळ १:८००० च्या कागदी नकाशावर आणला. सैन्याने उचलला तो हा कागदी खेळ. म्हणजे टेरेनच्या इतिहासातला पहिला मोठा निर्णय टेरेन काढून टाकण्याचा होता. वाळू मात्र सैन्यातून गेली नाही. आपल्या लष्करातही सराव समजावून सांगायला सँड मॉडेल करतात.

टेबलावर, खरं तर जमिनीवर, डोंगर परत आणले ते एका इंग्रज कादंबरीकाराने, १९१३ साली. मुलांचे लाकडी ठोकळे म्हणजे घरं, जमिनीत खोचलेल्या डहाळ्या म्हणजे जंगल. यातली एक गोष्ट नंतरच्या खेळाडूंच्या ध्यानात राहिली नाही. त्या खेळात फासे नव्हते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून शिशाचा सैनिक पाडायचा. त्यामुळे ठोकळ्यामागचा सैनिक ठोकळ्यामुळेच वाचायचा. पुढे फासे आले आणि आडोसा म्हणजे एक आकडा उरला : झाडीत असाल तर शत्रूच्या फाशातून एक वजा, भिंतीमागे असाल तर दोन वजा. डोंगर दिसायला कसा आहे याचा खेळाशी संबंध सुटला. तो नुसता दिसण्यापुरता राहिला, आणि म्हणूनच बहुधा लोक त्यावर इतके तास घालवू लागले.

आज आपण ज्याला टेरेन म्हणतो ते घडलं १९६०च्या आसपासच्या ब्रिटनमध्ये, रेल्वेची मॉडेलं बनवणाऱ्यांच्या शेजारी बसून. प्लास्टिकचे स्वस्त सैनिक खोक्यांतून मिळू लागले होते, आणि ते आकाराने खेळण्यातल्या रेल्वेच्या घरांशी साधारण जुळत. म्हणून स्टेशनमागचं कौलारू घर सरळ युद्धभूमीवर आलं. रंगवलेलं वाळकं शेवाळ झुडूप म्हणून आलं, रंगवलेला लाकडाचा भुसा गवत म्हणून. टेकड्या मात्र रेल्वेवाल्यांकडून घेता येईनात, कारण त्यांच्या उतारावर कोणी उभं राहत नाही. इथे सपाट तळाचे वीस सैनिक उभे करायचे, आणि उतार जरा तीव्र झाला की अख्खी तुकडी घसरून खाली. मग टेकडीच्या पायऱ्या झाल्या. सुरुवातीला पुस्तकं रचून वर हिरवी चादर टाकत. नंतर घराच्या छताला लावायच्या पांढऱ्या पॉलिस्टायरीनच्या टाइल्स कापून एकावर एक चिकटवू लागले. तो लग्नाच्या केकसारखा डोंगर आजही अनेक टेबलांवर दिसतो. ज्याने हा खेळ खेळलेला नाही त्याला तो ओबडधोबड वाटतो.

प्रमाणाचाही प्रश्न होता, आणि तो कधी सुटलाच नाही. सैनिक एका मापाचा, जमीन दुसऱ्याच. बंदुकीचा पल्ला टेबलावर मावायचा तर एक इंच म्हणजे कित्येक यार्ड धरावे लागतात, आणि त्या हिशेबाने एक साधं घर नखाएवढं व्हायला हवं. मग दोन घरं ठेवायची आणि म्हणायचं हे गाव. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तिथे महाराज बुरुजाएवढे असतात, आणि पायथ्याचा मावळा दरवाजातून आत शिरू शकत नाही. कोणाला खटकत नाही.

१९८०नंतर काल्पनिक दुनियेचे खेळ जोरात आले. सगळ्यांत मोठ्या ब्रिटिश कंपनीच्या मासिकात त्या काळी डिओडरंटच्या रिकाम्या बाटलीतून रणगाडा कसा करायचा हे छापून आलं होतं, आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने टेरेन घरी बनवण्यावर एक पुस्तक काढलं. पॅकिंगचा थर्माकोल, खोक्यांचा पुठ्ठा, मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली खडी, सगळं चाले. पुढे कंपनी स्वतःच प्लास्टिकच्या इमारती विकू लागली आणि ‘घरी करा’चे लेख आटले. जुने खेळाडू हा आपला विश्वासघात समजतात. मला तो साधा धंदा वाटतो, पण त्या लेखांची उणीव मलाही भासते.

आता मूळ घोळाकडे.

पॉलिस्टायरीन हे एक प्लास्टिक. त्याला फुगवायच्या दोन मुख्य रीती. एकीत बारीक मणी वाफेने फुगवून साच्यात एकमेकांना चिकटवतात. त्यातून पांढरा, मोडला की दाणे सांडणारा माल निघतो. टीव्हीच्या खोक्यात असतो तो हाच. दुसरीत वितळलेलं प्लास्टिक वायूसकट दाबून पाटीच्या रूपात बाहेर ओढतात. त्यात दाणे नसतात. सुरीने कापलं तर कडा स्वच्छ येते, बोथट पेन्सिलीने दाबलं तर दगडी भिंतीचा सांधा उमटतो. परदेशात ही पाटी बहुधा निळी किंवा गुलाबी असते. तो रंग म्हणजे उत्पादकाची ओळख, पदार्थाचा गुण नव्हे. नव्या खेळाडूला वाटतं, गुलाबी जास्त घट्ट असते.

दाण्यांचा माल १९५०च्या सुमारास एका जर्मन रसायन कंपनीने बाजारात आणला. पाटीचा माल त्याआधी एका अमेरिकन कंपनीने केला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात तो तरंगण्याच्या कामी वापरला गेला. त्या अमेरिकन मालाचं व्यापारी नाव इंग्रजीत इतकं रुळलं की अमेरिकेत लोक चहाच्या पांढऱ्या कपालाही तेच म्हणतात, आणि तो कप असतो दाण्यांचा. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. ‘थर्माकोल’ हे मुळात दाण्यांच्या मालाचं व्यापारी नाव, ते हलक्या फुगीर प्लास्टिकच्या सगळ्या खानदानाला चिकटलं. परिणाम असा की परदेशी व्हिडिओतला माणूस निळ्या पाटीचं नाव घेतो, आपला मुलगा दुकानात जाऊन थर्माकोल मागतो, सुरीने कापायला बसतो आणि घरभर मणी. ते स्थिर विजेने झाडूला चिकटतात आणि आईच्या नजरेला पडतात. मग पुढची टेकडी पुठ्ठ्याची होते.

या नावाचा कायद्याशी संबंध आला तेव्हा घोळ वाढला. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या खेपेला ५,००० रुपये. ताटं-वाट्यांबरोबर सजावटीचा थर्माकोलही त्यात होता. गणपती सप्टेंबरात होते. मखरं बनवणारे उच्च न्यायालयात गेले, आणि जुलैत त्यांना सवलत नाकारली गेली. पुढे केंद्राच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या त्यांच्या यादीत ‘सजावटीसाठी पॉलिस्टायरीन’ आहे, आणि पुढे कंसात ‘थर्माकोल’.

सगळी गंमत त्या कंसात आहे. पॉलिस्टायरीन म्हणजे अख्खं कुळ, थर्माकोल म्हणजे त्यातला एक भाऊ. कंसामुळे कुळ भावापुरतं झालं, की भावाचं नाव कुळाला लागलं? निळी पाटी रसायनाने पॉलिस्टायरीनच आहे, पण ती विकली जाते छताला उष्णतारोधक म्हणून, आणि ती विकणारे तिला थर्माकोल म्हणत नाहीत. शिवाय ज्या सैनिकांसाठी टेकडी करायची तेही बऱ्याचदा घट्ट पॉलिस्टायरीनचेच असतात. म्हणून तर त्यांचे भाग जोडायचा ‘सिमेंट’ नावाचा पातळ गोंद प्लास्टिकच विरघळवून सांधा धरतो. उरला शब्द ‘सजावट’. वीस वर्षं जपायची, दर शनिवारी खेळात उतरणारी टेकडी ही सजावट का? मला ती सजावट वाटत नाही. पण मखरवालाही त्याच्या मखराबद्दल हेच म्हणाला असता, आणि त्याचं पोट त्यावर होतं, माझं नाही. नद्या-नाल्यांत तरंगणारे पांढरे तुकडे पाहिले की बंदी का आली हे विचारावं लागत नाही. या सगळ्यात हौशी खेळाडूंचा आवाज कुठेच नव्हता, आणि नसावाही.

प्रत्यक्षात बदललं ते एवढंच, की पेठेतल्या सजावटीच्या दुकानांतून मोठ्या पांढऱ्या शीट गेल्या. गरम नायक्रोम तारेवर मखराची महिरप सुरेख कापून देणारे कारागीरही दुसऱ्या कामाला लागले. टेरेनवाल्यांना सर्वांत जड गेलं ते हे. आता लोक तीन वाटांनी जातात. कोणी बांधकामाच्या मालवाल्याकडून उष्णतारोधक पाट्या आणतो, आणि त्या किमान गठ्ठ्याने घ्याव्या लागतात म्हणून चौघांत वाटून घेतो. कोणी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या वाटेने सनबोर्ड (फोमचा पातळ फळा) आणि माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) यांच्याकडे वळतो. तिसरा सरळ थ्रीडी प्रिंटर घेतो. या तंत्राच्या मूळ पेटंटांपैकी एक महत्त्वाचं २००९ मध्ये संपलं, यंत्रं स्वस्त झाली, आणि ‘हाताने केलेलं’ या शब्दावर नवा वाद उभा राहिला. छापलेल्या भिंतीला हाताने रंग दिला तर ती कोणाची? तो वाद अजून बाळसं धरतोय, तो इथे सोडतो.

चौथी वाट जुनी आहे, दिवाळीच्या किल्ल्याची, आणि तिच्याकडे फार कमी जण बघतात : विटा, गोणपाट, कालवलेली माती, वर अळीव किंवा मोहरी. चार दिवसांत खरं गवत उगवतं, प्रमाणाला थोडं उंच. टेबलावर हे वजनाने अशक्य, पण पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेलं गोणपाट पसरलं की वाळल्यावर कडक, हलका आणि हुबेहूब सह्याद्रीच्या कड्यासारखा पृष्ठभाग मिळतो. सुतांच्या आडव्या रेषा बेसॉल्टच्या थरांसारख्या दिसतात.

माझी पहिली टेकडी पांढऱ्या थर्माकोलची होती, मिक्सरच्या खोक्यातली. दोन दिवस घासून आकार दिला आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर नेऊन स्प्रेच्या डब्याने काळा रंग मारला. स्प्रेतल्या द्रावकाने थर्माकोल चुरचुरत आत खचत गेला. मी बघत असतानाच माथा खड्डा झाला, खड्ड्याचं भोक झालं. आता आधी फेव्हिकॉल-पाण्याचे दोन हात मारतो, ते पूर्ण वाळू देतो, मगच रंग. ती फसलेली टेकडी टाकली नाही. करडा रंग आणि थोडी वाळू लावून ती तोफगोळ्याने पडलेला खड्डा म्हणून अजून टेबलावर येते, आणि त्यात उभ्या असलेल्या तुकडीला नियमाप्रमाणे एक वजा मिळतो.