विक्टर कुठला, रिज कुठला: यंग अँड रेस्टलेस की बोल्ड अँड ब्युटिफुल?

जुन्या अमेरिकन डेटाइम सोप्सच्या, म्हणजे दुपारी लागणाऱ्या रोजच्या मालिकांच्या, गप्पा निघाल्या की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अरे तो मिशीवाला विक्टर, तो फॉरेस्टरांच्या कंपनीत होता ना?" नव्हता हो. विक्टर न्यूमन 'द यंग अँड द रेस्टलेस'चा, फॉरेस्टर मंडळी 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल'ची. आपल्याकडे हा घोळ जरा जास्तच, कारण नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर बोल्ड बघितलेली असते, यंगबद्दल नुसतं ऐकलेलं असतं, मग सगळे गोरे श्रीमंत लोक डोक्यात एकाच बंगल्यात राहायला येतात.

तसा घोळ व्हायला जागा आहेच म्हणा. दोन्ही मालिका विल्यम बेल आणि ली फिलिप बेल या नवरा-बायकोच्या, दोन्ही सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर, वर्षानुवर्षं शूटिंगही लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजन सिटी या एकाच स्टुडिओत. सख्ख्या बहिणीच त्या, मोठी मार्च १९७३ ची, धाकटी मार्च १९८७ ची.

पण स्वभाव अगदी वेगळे. यंग ही एका गावाची गोष्ट. विस्कॉन्सिनमधलं जेनोआ सिटी, सुरुवातीला ब्रुक्स आणि फॉस्टर ही दोन घराणी, नंतर अ‍ॅबट आणि न्यूमन, आणि १९८० पासून रोजचा एपिसोड अर्ध्या तासाचा एक तास झाला त्यामुळे पसारा भरपूर. एरिक ब्रेडन विक्टर म्हणून त्याच वर्षी आला, तोही थोड्या दिवसांसाठी, आणि मग हललाच नाही. बोल्ड मात्र अर्ध्या तासाचीच राहिली, लॉस एंजेलिसचं फॅशन हाऊस, फॉरेस्टर क्रिएशन्स, आणि फिरून फिरून तेच, फॉरेस्टरांचा मुलगा रिज कोणाचा, ब्रुकचा की दुसऱ्या कोणाचा. त्यांची लग्नं मी मोजायचं कधीच सोडून दिलंय.

माझं विचाराल तर यंगचं वजन कॅथरीन चॅन्सलरमुळे. जीन कूपर १९७३ पासून २०१३ मध्ये जाईपर्यंत ती भूमिका करत होती. १९८४ मध्ये तिने खरोखरचा फेसलिफ्ट करून घेतला आणि त्या खऱ्या ऑपरेशनचं फुटेज मालिकेत कॅथरीनचं म्हणून दाखवलं, म्हणजे दुपारच्या वेळी लोकांनी टीव्हीवर खरी कापाकापी बघितली! बोल्डमध्ये तो दरारा फॉरेस्टरांच्या घरातल्या स्टेफनीचा, म्हणजे सुझन फ्लॅनरीचा, पण मला तिच्यापेक्षा सॅली स्पेक्ट्रा आवडायची, ते लाल केस आणि दुसऱ्यांची डिझाइन्स ढापायची बिनधास्त सवय, डार्लीन कॉन्लीने काय मजा आणली होती.

आता गुंत्याची खरी गाठ म्हणजे शीला कार्टर. किंबर्लिन ब्राउनची ही नर्स आधी यंगमध्ये आली, १९९० मध्ये. तिने यंगमधल्याच लॉरेनचं बाळ पळवलं, पुढे एका घराला आग लागली, सगळ्यांना वाटलं शीला जळून मेली, चला सुटलो. आणि १९९२ मध्ये बाई लॉस एंजेलिसला हजर, फॉरेस्टर क्रिएशन्समध्ये नर्स म्हणून, थेट कंपनीच्या मालकाच्या, एरिक फॉरेस्टरच्या, गळ्यात पडायला! मागोमाग लॉरेनही बोल्डमध्ये येऊन-जाऊन असायची. त्यामुळे "शीला कुठल्या मालिकेतली?" असं कोणी विचारलं तर दोन्ही उत्तरं बरोबर, उगाच भांडू नका. (नाइट रायडरवाला डेव्हिड हॅसलहॉफ मात्र फक्त यंगचा हं, डॉक्टर स्नॅपर फॉस्टर, सत्तरच्या दशकातला.)

नुसत्या कानावर ओळखायचं असेल तर पियानोची ती उदास धून म्हणजे यंग. ती मुळात १९७१ च्या एका सिनेमातली, पण १९७६ च्या ऑलिंपिकनंतर जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीच्या दृश्यांवर टीव्हीवाल्यांनी वाजवली आणि तिचं नाव 'नादियाज थीम' पडलं.

आणि हो, एखादी मावशी अगदी ठासून म्हणाली ना की एरिक फॉरेस्टरला मी जेनोआ सिटीत बघितलंय, तर लगेच हसू नका. एरिकचं काम करणारा जॉन मॅकूक बोल्डच्या आधी, सत्तरच्या दशकात, यंगमध्येच होता. फक्त तेव्हा त्याचं नाव लान्स प्रेंटिस होतं.